निरोपाची वही: शिलाईपासून कस्टमच्या फॉर्मपर्यंत

नातं न भांडता संपत असेल तर शेवटी हातानं केलेलं काही द्यावं का, द्यायचं तर काय द्यावं, आणि ते माणूस परदेशी गेलेलं असेल तर त्याच्यापर्यंत पोचवायचं कसं, हे २०२४ च्या जूनमध्ये मी खूप शोधत होतो. वाढदिवसाच्या, साखरपुड्याच्या, लग्नाच्या भेटींबद्दल ढिगानं सापडतं. रुसवा काढायला काय द्यावं, तेही सापडतं. ठरवून, समजून, एकमेकांचं बरं चिंतत संपणाऱ्या नात्याबद्दल मात्र कुणी काही लिहिलेलं मिळालं नाही. अशा वेळी आपण एकटेच आहोत असं वाटतं आणि ते वाटणं वाईट असतं. म्हणून हे लिहितोय. मी एक वही शिवली आणि पोस्टानं जर्मनीला पाठवली. जिला पाठवली तिला विचारूनच लिहितोय. तिचं आणि तिथल्या गावाचं नाव येणार नाही, एवढी तिची अट आहे.

आमची ओळख पुण्यात, एरंडवण्यातल्या एका मेसमधली. ती एका मोठ्या हॉस्पिटलात आयसीयूची स्टाफ नर्स, मूळची लातूर जिल्ह्यातली. मी एका कंपनीत हिशेबाचं काम करतो. तिची नाइट असली की आठच्या आत ती जेवून जायची, म्हणून मीही आठच्या आत जेवायला लागलो. मार्चमध्ये, धुळवडीच्या सुमारास, दोघांनीही मनातलं बोलून टाकलं. ९ एप्रिलला पाडव्याच्या दिवशी तिनं तिच्या जर्मनीच्या कामाचं सगळं नीट मांडून सांगितलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारनं बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला होता आणि नर्सेसच्या हॉस्टेलवर तेव्हा दुसरा विषय नव्हता. तिचं काम मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेलं होतं. जर्मन भाषेची बी-टू परीक्षा पास, पदवीचे आणि नोंदणीचे कागद भाषांतरित, आणि तिथल्या कार्यालयाकडून ‘डेफिझिटबेशाइड’ नावाचा कागदही हातात. आपल्या शिक्षणात त्यांच्या मानानं काय कमी पडतं आणि ते तिथे जाऊन कसं भरून काढायचं, हे त्या कागदात लिहिलेलं असतं. तो मिळाला म्हणजे अर्धी लढाई जिंकली, असं ती म्हणाली. व्हिसा राहिला होता.

मी तिकडे जाण्यासारखं नव्हतं. घरी आई एकटी, आणि मला इथलं काम आवडतं. तिनं थांबावं असं म्हणायचा मला अधिकार नव्हता आणि तशी इच्छाही नव्हती. फोनवर वर्षानुवर्षं नातं ओढायचं नाही, हे आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. ज्या जवळच्या दोघातिघांना सांगितलं ते म्हणाले, मग कशाला जीव गुंतवायचा? मला हा प्रश्न अजून पटत नाही. चार महिने चांगले गेले तर ते चांगलेच गेले.

मेअखेरीस मुंबईत तिची व्हिसाची अपॉइंटमेंट झाली. फी ७५ युरो, ती रुपयांत भरायची. मूळ बोलणं ऑक्टोबरच्या रुजू होण्याचं होतं, म्हणजे सप्टेंबरात निघायचं. मी कॅलेंडर बघितलं आणि ठरवलं की जून, जुलै, ऑगस्ट एवढा वेळ आपल्या हातात आहे, काहीतरी स्वतः करू.

काय द्यायचं, यावर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि ज्यांना असं काही करायचं आहे त्यांनी इथे घाई करू नये असं मला मनापासून वाटतं. अंगठी, घड्याळ, अत्तर या वस्तू बोलतात. रोज अंगावर येतात आणि रोज आठवण मागतात. फोटो छापलेली उशी किंवा कॉफीचा मग समोरच्याला टाकताही येत नाही आणि मांडताही येत नाही. उद्या तिच्या खोलीवर दुसरं कुणी आलं तर तिनं ते कुठे लपवायचं? निरोपाच्या भेटवस्तूचं समोरच्यावर काही ओझं पडता कामा नये. ती वापरता यावी, वापरून संपता यावी, आणि संपली तर घेणाऱ्याला अपराधी वाटू नये. मी हेच धरून बसलो.

ती भाषा शिकायची ती लिहून. शब्द, त्याचं लिंग, अनेकवचन, पुढे एक वाक्य. दोनशे पानी वह्यांची चळत तिच्या खाटेखाली होती. तिथे गेल्यावर वॉर्डातले शब्द, औषधांची नावं, पाळी बदलताना हँडओव्हर देण्याची वाक्यं हे सगळं नव्यानं लिहावं लागणार होतं. तेव्हा वही. कोरी. तिच्यावर नाव नाही, तारीख नाही, पहिल्या पानावर कवितेची ओळ नाही.

कागदासाठी मी जूनच्या मध्यावर शिवाजीनगरला हातकागद संस्थेत गेलो. १९४० पासूनची ही संस्था, आता राज्याच्या खादी आणि ग्रामोद्योग मंडळाकडे आहे. झाड न तोडता, सुती कापडाच्या चिंध्यांपासून इथे कागद होतो. चिंध्या बारीक करून, पाण्यात त्यांचा लगदा करून, त्याचे ताव काढतात. ताव हातात घेतला की चारी कडा किंचित असमान, तंतू दिसतील न दिसतील अशा. रंग अनेक होते, मी पांढऱ्याच्या जवळचा, किंचित पिवळट घेतला. एक सांगतो: दुकानात पेन घेऊन जा आणि नमुन्याच्या तुकड्यावर लिहून बघायला परवानगी मागा. ज्याच्यासाठी वही करताय ते माणूस ज्या पेननं लिहितं तेच पेन न्या. काही कागदांवर शाई पसरते, काहींवर जेल पेन अडखळतं. तिच्या निळ्या जेल पेननं मी चार प्रकारांवर लिहून पाहिलं आणि मध्यम जाडीचा निवडला. फार जाड कागद छान दिसतो, पण घडी घातली की फुगतो आणि वही मिटत नाही. वहीपुरते ताव तीनशे रुपयांच्या आत आले.

ताव कात्रीनं कापले नाहीत. घडी घालायची, घडीवर ओलसर ब्रश फिरवायचा, स्टीलची पट्टी दाबून धरायची आणि हळू फाडायचं. अशी फाडलेली कड मूळ कडेसारखीच मऊ येते. मग चार-चार पानं एकात एक बसवून फर्मे केले आणि आईच्या जुन्या पाट्याखाली रात्रभर दाबून ठेवले. आईनं विचारलं, हे काय चाललंय? मी म्हटलं, एका मैत्रिणीसाठी वही. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पाटा तिनंच उचलून पुसून ठेवला होता आणि फर्मे वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात.

शिवायचं मी व्हिडिओ बघून शिकलो, पण खरं शिकवलं ते अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बाइंडरकाकांनी. मी पुठ्ठा घ्यायला गेलो होतो आणि काय काय लागेल ते विचारत होतो. त्यांनी माझे फर्मे बघायला मागितले, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “कागद चांगलाय. मशीनवर कापायला देऊ नका कुणाला.” पुढचे काही शनिवार मी दुपारी त्यांच्याकडे जाऊन बसायचो. पैसे घ्यायला तयार नव्हते, तेव्हा एकदा चितळ्यांची बाकरवडी नेली, तीही त्यांनी दुकानातल्या सगळ्यांना वाटून टाकली.

त्यांच्याकडून शिकलेलं थोडं सांगतो, कारण व्हिडिओत हे मिळत नाही. भोकं पाडताना सगळ्या फर्म्यांना एकच खुणेची पट्टी वापरायची. भोकं केसभर जरी सरकली तरी वहीची पाठ तिरकी येते. टोच्या घडीच्या आतून बाहेर घालायचा, बाहेरून आत नाही. दोरा सुती आणि जाड घ्या, मेणबत्तीवरून दोनतीनदा ओढून घ्या म्हणजे तो गुंतत नाही आणि कागद चिरत नाही. दोरा ओढायचा तो पाठीच्या दिशेनं, आडवा. वर ओढला की हातकागद फाटतो. आणि प्रत्येक फर्मा संपला की शेवटच्या भोकाशी आधीच्या फर्म्याच्या टाक्याखालून सुई घालून विळखा द्यायचा. त्या विळख्यावरच सगळी वही तगते. पालखी पुण्यात होती ते दोन दिवस अर्धं शहर बंद, मी घरीच. बाहेरून टाळ-मृदंगाचा आवाज आणि मी फर्म्याला फर्मा जोडतोय. तिच्या जाण्याचं दुःख त्या महिन्यात मला सगळ्यात कमी जाणवलं ते या दोन दिवसांत. हात गुंतले की मनाला थोडी सुटी मिळते.

१२ जुलैला तिचा पासपोर्ट व्हिसासह परत आला. त्याच आठवड्यात तिकडच्या हॉस्पिटलचा मेल आला की परदेशी नर्सेसची एक तुकडी १२ ऑगस्टला सुरू होतेय, तिला त्यातच बसवतोय. सप्टेंबरचं निघणं एकदम ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यावर आलं. तिकीट ६ ऑगस्टचं, हैदराबादहून. त्याआधी घरी राहायचं, म्हणजे पुणे २१ जुलैलाच सोडायचं.

माझ्या हातात तेव्हा शिवलेली वही होती, पण पुठ्ठा नाही, कापड नाही. आणि पाऊस असा की दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस वाळत नव्हते. बाइंडरकाकांना विचारलं, आठवड्यात होईल का? ते म्हणाले, “होईल, पण वाकेल. पावसात खळ लावलेला पुठ्ठा घाईनं दाबातून काढला की धनुष्य होतं त्याचं. द्यायची वस्तू आहे ना? मग राहू द्या.” मी त्यांचं ऐकलं.

२१ जुलैला रविवार होता, गुरुपौर्णिमा. रविवारी संध्याकाळी मेस बंद, म्हणून आम्ही दुपारीच तिथे शेवटचं जेवलो आणि मग कमला नेहरू पार्कात गेलो. पाऊस थांबून थांबून येत होता. मी पिशवीतून वही काढली. नुसते शिवलेले फर्मे, उघडी पाठ, वर दोऱ्याची साखळी दिसणारी. तिनं ती दोन्ही हातांनी धरली, पाठीवरची दोऱ्याची वीण नखानं मोजल्यासारखी वरून खाली बघितली आणि म्हणाली, “काय करलालास रे हे इतके दिवस?” ती पुण्यात कायम पुण्याचं बोलायची. असं गावाकडचं फक्त फोनवर आईशी.

मी तिला स्पष्ट विचारलं, पुरी करून तिकडे पाठवू का? नको असेल तर तसं सांग, वाईट वाटून घेणार नाही. हा प्रश्न विचारणं फार गरजेचं आहे. नातं संपल्यावर अचानक दारात आलेलं पार्सल, त्यात कितीही प्रेम असलं तरी, समोरच्याला कोंडीत पकडतं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “पाठव. पण आत पत्र घालू नको. पत्र आलं तर मला उत्तर लिहावं लागेल, आणि मग मी तिथली होणार नाही.”

मी हो म्हटलं. कापडाचे तीन तुकडे नेले होते. तिनं त्यातला हिरव्या काठाचा जांभळा खण निवडला. रात्री तिची लातूरची ट्रॅव्हल्स होती. सामान चढवलं, पाण्याची बाटली दिली, गाडी सुटली. घरी येऊन जेवलो नाही. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही, ज्यांनी असं कुणाला पोचवलंय त्यांना ठाऊक आहे.

चारच दिवसांनी, २५ जुलैला, पुण्यात पूर आला. भिडे पूल पाण्याखाली, सिंहगड रस्त्याच्या सोसायट्यांमध्ये पाणी. आमच्या भागात फक्त वीज गेली होती. भिंतींना ओल होती आणि वही कपाटात वर्तमानपत्राच्या थरांमध्ये. दर दोन दिवसांनी कागद बदलायचो. तेवढंच काम होतं, पण संध्याकाळी घरी येण्याला एक कारण मिळायचं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ऊन पडलं तेव्हा बांधणी सुरू केली. खण पातळ असतो, खळ त्यातून वर येते आणि डाग पडतो. म्हणून आधी खणाच्या मागे पातळ कागद चिकटवून वाळवून घ्यायचा आणि मगच तो पुठ्ठ्यावर चढवायचा. खळ मी घरी केली. एक वाटी मैद्याला पाच-सहा वाट्या पाणी, मंद आचेवर सतत ढवळत, ती चमकदार आणि अर्धपारदर्शक होईपर्यंत. जुने बाइंडर कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद टाकतात. ते विषारी आहे. टाकायचं असेल तर भांडं आणि चमचा कायमचे वेगळे ठेवा. मी टाकलं नाही, मैदा थोडा कमी घेऊन फेव्हिकॉल मिसळला. खळ पुठ्ठ्याला लावायची, कापडाला नाही, म्हणजे कापड ताणत नाही. पुठ्ठा निवडताना तो दोन्ही बाजूंनी हलका वाकवून बघायचा. ज्या रेघेवर सहज वाकतो ती रेघ वहीच्या पाठीला समांतर हवी.

बाहेरून कापड चिकटलं की पुठ्ठा बाहेरच्या बाजूला ओढला जातो. आतून शेवटचा कागद चिकटवला की तो उलट ओढतो आणि पुठ्ठा सरळ होतो. हे काकांनी मला दुकानात करून दाखवलं होतं. घरी ते घडताना बघितलं तेव्हा फार समाधान वाटलं. वहीची पानं आणि ओलं कव्हर यांच्यामध्ये प्लास्टिकचा कागद घालून, वर पाटा आणि पाट्यावर तांदळाचा डबा ठेवून, चार दिवस हात लावला नाही. उघडली तेव्हा वही सपाट होती. खणाचा हिरवा काठ बरोबर पाठीवर आला होता.

आता पाठवण्याचं. हे तपशिलात सांगतो, कारण मला सगळ्यात भीती याचीच वाटत होती.

आधी तिच्याकडून पत्ता मागवला. जर्मनीत टपाल घराच्या पेटीवर आणि बेलवर जे आडनाव आहे ते बघून टाकतात. आपल्यासारखा फ्लॅट नंबर सहसा नसतो. तुमचं माणूस कुणाच्या घरात भाड्यानं खोली घेऊन राहत असेल तर त्याच्या नावाखाली ‘केअर ऑफ’ करून पेटीवरचं आडनाव लिहायलाच हवं, नाहीतर वस्तू परत येते. ती तेव्हा एका सहकारी नर्सच्या घरी तात्पुरती होती, पेटीवर त्या बाईंचं आडनाव. पत्त्यात पाच आकडी पिन कोड आणि घेणाऱ्याचा तिथला मोबाइल नंबर लागतो. तिचं तिथलं सिमकार्ड सुरू व्हायलाच काही दिवस गेले.

त्या वर्षी राखीपौर्णिमा १९ ऑगस्टला होती. राख्यांची पाकिटं पाठवायची गर्दी आधीचे दोन आठवडे पोस्टात असते, म्हणून मी मुद्दाम थांबलो आणि २० तारखेला सकाळी रजा टाकून साधू वासवानी चौकाजवळच्या जीपीओत गेलो. पार्सल उघडं न्यायचं, हे आधीच माहीत करून घेतलं होतं. आत काय आहे ते खिडकीवर बघतात, मग तुम्ही त्यांच्यासमोर बंद करता. चिकटपट्टी, कात्री, मार्कर सोबत ठेवा. आधार कार्डाची झेरॉक्स लागली. वही आधी पातळ कागदात, मग पाणी शिरू नये म्हणून प्लास्टिकमध्ये, मग बबल रॅप आणि बाहेर खोका. वजन घरीच किराणा दुकानात करून घेतलं होतं, कारण परदेशी स्पीड पोस्टाचे दर अडीचशे-अडीचशे ग्रॅमच्या टप्प्यानं चढतात. माझं पाकीट अर्ध्या किलोच्या किंचित वर जात होतं. मोठ्या खोक्याऐवजी नेमक्या मापाचा खोका कापून केला तेव्हा ते आत आलं. या एका गोष्टीनं थोडे पैसे वाचले.

कस्टमचा फॉर्म भरायचा असतो. वस्तू काय, किती, वजन, किंमत, आणि ती भेट आहे, विक्रीचा माल आहे की नमुना, तिथे खूण. वस्तूचं नाव इंग्रजीत साधं आणि नेमकं लिहायचं. नुसतं ‘भेटवस्तू’ लिहून चालत नाही, ‘हातानं बांधलेली कोरी वही’ असं लिहायचं. वह्यांचा एचएस कोड, म्हणजे कस्टमसाठी वस्तूच्या प्रकाराचा क्रमांक, ४८२० ने सुरू होतो, तो चिठ्ठीवर लिहून नेला होता आणि उपयोगी पडला.

खिडकीवर एक बाई होत्या. त्यांनी वही हातात घेऊन पानं भर्रकन सोडली, आत काही ठेवलेलं नाही ना ते बघितलं आणि विचारलं, “किंमत काय टाकू?” मी थांबलो. कागद, पुठ्ठा, दोरा, सुया, खण धरून सामान साडेपाचशेच्या आसपास झालं होतं. “विकत घेतलेली नाही, मी केलीय,” एवढंच बोललो. त्या म्हणाल्या, “मग सामानाचे किती झाले ते टाका. शून्य टाकलं तर तिकडे अडवतात.” ५५० लिहिले. खासगी व्यक्तीनं खासगी व्यक्तीला पाठवलेली, पैसे न घेता दिलेली भेट जर्मनीत ४५ युरोपर्यंत करमुक्त असते. तेव्हाच्या दरानं ते चार हजारांच्या आसपास होत होतं, म्हणजे काळजी नव्हती. टपालाचा खर्च सामानाच्या जवळपास तिप्पट आला. परवडत नसेल तर माणूस निघायच्या आधीच काम पुरं करून सामानात देणं केव्हाही बरं.

पावती घेऊन बाहेर आलो आणि पायरीवर थोडा वेळ उभा राहिलो. दोन महिने जी वस्तू रोज हाताळली ती आता हातात नव्हती. मला वाटलं होतं मोकळं वाटेल. तसं वाटलं नाही, त्या दिवशी तरी.

पावतीवर तेरा अक्षर-आकड्यांचा क्रमांक असतो, परदेशी स्पीड पोस्टाचा ‘ई’नं सुरू होऊन ‘आयएन’नं संपणारा. आपल्या पोस्टाच्या संकेतस्थळावर वस्तू मुंबईहून निघेपर्यंतच्या नोंदी पटापट येतात. मग काही दिवस काहीच दिसत नाही. घाबरू नका. तोच क्रमांक जर्मनीत पार्सलं पोचवणाऱ्या डीएचएल कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की पुढच्या नोंदी तिकडे दिसतात. हे मला पोस्टात कुणी सांगितलं नव्हतं. मेसमधल्या एका मुलाचा भाऊ म्युनिकला आहे, त्यानं सांगितलं. त्या मधल्या दिवसांत मी सकाळी चहाआधी आणि रात्री झोपताना क्रमांक टाकून बघायचो. तिला मात्र ‘पोचलं का’ असं विचारलं नाही. पाठवलं त्या दिवशी क्रमांक कळवला होता, तेवढं पुरे होतं.

४ सप्टेंबरला, बुधवारी, ‘वितरित’ अशी नोंद आली. तिची ड्युटी होती, म्हणून पार्सल शेजारच्यांकडे दिलं होतं. तिथे ही रीतच आहे, शेजाऱ्याकडे ठेवून पेटीत चिठ्ठी टाकतात. शेजारीही नसेल तर जवळच्या पोस्टाच्या ठिकाणी ठेवतात आणि ओळखपत्र दाखवून ठरलेल्या मुदतीत न्यायचं असतं. शिफ्टमध्ये काम करणाऱ्या माणसाला ही मुदत चुकू शकते, तेव्हा घेणाऱ्याला हे आधी सांगून ठेवा.

रात्री तिचा मेसेज आला: “मिळाली. खण अजून चांगला दिसतोय.” त्यानंतर दोन दिवसांनी, गणपतीच्या आदल्या संध्याकाळी, एक फोटो. पहिल्या पानावर निळ्या जेल पेननं तारीख, खाली जखमेच्या ड्रेसिंगचे जर्मन शब्द, प्रत्येकापुढे लिंग आणि अनेकवचन. मी पुष्कळ वेळ तो फोटो मोठा करून बघत होतो. शाई पसरली नव्हती. ज्यासाठी केली होती त्यासाठीच ती लागली, आणि पहिल्याच आठवड्यात. माझ्यासाठी त्या सगळ्या पावसाळ्यातला सगळ्यात चांगला दिवस तो होता.

मी उत्तरात एक अंगठा पाठवला आणि गणपतीच्या शुभेच्छा. जास्त लिहावंसं खूप वाटत होतं. पण पत्र नको असं ती म्हणाली होती, आणि लांबलचक मेसेज म्हणजे पत्रच.

असं काही करायला निघालेल्यांकडून एक प्रश्न मला हमखास येतो: यानं विसरायला मदत होते का? माझ्यापुरतं सांगायचं तर विसरणं झालं नाही. जून ते सप्टेंबर हातात काम होतं, संध्याकाळी बसायला जागा होती, बोलायला बाइंडरकाका होते, आणि राग धरावा असं काही साचलं नाही. रात्री झोप लागायला ऑक्टोबर उजाडला. आईला मी दसऱ्याच्या सुमारास सगळं सांगितलं. तिला बहुतेक आधीच कळलं होतं.

दिवाळीत आम्ही एकमेकांना शुभेच्छा दिल्या. २०२५ च्या वसंतात तिची तिथली परीक्षा झाली आणि ती पूर्ण पात्रतेची नर्स म्हणून नोंदली गेली. तेव्हा तिनं कळवलं आणि सोबत विचारलं की वही भरत आलीय, मागच्या बाजूच्या एका फर्म्याचा दोरा सैल झालाय, काय करू? मी उत्तर लिहिलं: सैल टाका सुईनं पाठीच्या दिशेला ओढून घे, विळख्याच्या जागी दुसरी गाठ मार, टोक अर्धा इंच सोडून काप, वर थोडं मेण चोळ. तिनं तसं केलं. बाइंडरकाकांनाही मी हे सांगितलं. ते म्हणाले, हातकागदाला बारीक दोरा वापरला असेल, पुढच्या वेळी एक नंबर जाड घ्या.